घरातला शिकारी

काशीनगरीत कुत्र्याला एक वेगळाच मान आहे. विश्वनाथाच्या ह्या नगरीचा कोतवाल म्हणजे कालभैरव, आणि कुत्रा हे त्याचे वाहन. म्हणूनच भैरवनाथाच्या देवळाभोवती वावरणाऱ्या कुत्र्यांना भाविक आदराने खाऊ घालतात. परंतु देवाचे वाहन झाले म्हणून प्राण्याचा स्वभाव पालटत नाही. ह्याचा प्रत्यय येतो तो बहुधा घरातच, आणि मोठ्या दुःखद रीतीने येतो.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट ह्या बाजूला मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. गल्ल्या अरुंद, घरे दाटीची आणि मध्ये चौक. अशा एखाद्या घरात आधीपासून कुत्रा असतो आणि मुलांच्या हट्टाखातर ससा आणला जातो. काही दिवस दोघे गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. मग एके दिवशी ससा दचकून चौकात उधळतो, कुत्रा झेपावतो, आणि माणसे धावून येईपर्यंत सारे आटोपलेले असते. काल मुलांच्या पायांशी निजणारा कुत्रा आज घरच्यांना खुनी वाटू लागतो.

हा क्रौर्याचा प्रकार आहे काय? प्राणिशास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे. सावज हेरणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे आणि ठार करणे ही एकामागून एक येणाऱ्या क्रियांची साखळी कुत्र्याला लांडग्याच्या कुळातून मिळाली आहे. माणसाने हजारो वर्षे निवड करून तिच्यातल्या काही कड्या दुबळ्या केल्या, तर काही बळकट केल्या. उत्तर प्रदेशातील रामपूरचा किंवा कर्नाटकातील मुधोळचा शिकारी कुत्रा पळत्या सावजामागे धावण्यासाठीच वाढवला गेला. ह्या साखळीचा रागाशी संबंध नसतो; म्हणून असा हल्ला पुष्कळदा गुरगुरण्यावाचूनच होतो. भुकेशीही तिचा संबंध थोडाच. पोटभर जेवलेला कुत्राही धावतो, कारण धावण्यातच त्याला आनंद असतो. ससा स्वस्थ बसलेला असतो तोवर तो शेजारी असतो. पळू लागला की सावज होतो.

मग शिक्षा करावी काय? पंचतंत्रातील ब्राह्मणीने मुंगसाचे रक्ताळलेले तोंड पाहून त्याचा जीव घेतला आणि मागाहून ती पस्तावली. येथे कुत्रा मुंगसासारखा निरपराध नसेल, पण मारहाण तितकीच व्यर्थ आहे. कृती आणि शिक्षा ह्यांत काही क्षणांपेक्षा अधिक अंतर पडले, तर त्यांचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. कान पाडून, नजर चुकवून तो उभा राहतो तेव्हा तो पश्चात्ताप आहे असे आपण समजतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, ही मुद्रा अपराधावर नव्हे, तर धन्याच्या रागावण्यावर अवलंबून असते. निरपराध कुत्राही रागावल्यावर तसाच दिसतो.

प्रसंग ओढवलाच तर मध्ये हात घालू नये. फळी, जाड चादर, पाणी ह्यांच्या साहाय्याने त्यांना अलग करावे आणि कुत्र्याला दुसऱ्या खोलीत बंद करावे. जखमी प्राणी वाचला असेल, तर बाहेरून जखम लहान दिसली तरी विश्वासू नये. दातांचे छिद्र बारीक असते, पण हिसड्यांनी आतले स्नायू फाटलेले असतात. त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. माणसाला दात लागला असेल, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

पुढचा मार्ग शिक्षेचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाला ज्यांचा सहवास घडतो, त्यांना ते पुढेही आपले मानण्याचा संभव अधिक असतो. कळपात वाढलेली धनगरांची कुत्री मेंढरे राखतात, ती ह्याच बळावर. मोठ्या कुत्र्याला बोलावताच परत येणे शिकवता येते; रोजच्या दौडीने त्याची हौसही भागवता येते. पण शिकवण पाठलागाच्या भरात टिकेलच अशी खात्री कोणी देऊ नये. म्हणून दोन प्राण्यांमध्ये भक्कम दार असावे, आणि कोणी पाहत नसताना त्यांना एकत्र सोडू नये. ससा मारला म्हणून कुत्रा माणसावर उठेल असे नाही. तरीही तान्ह्या मुलाजवळ कोणत्याही कुत्र्याला एकटे ठेवू नये. घर लहान असेल आणि दोघांना वेगळे राखणे अशक्य असेल, तर एकाला सुरक्षित घरी देणे ह्यात कमीपणा नाही.

सर्वांत नाजूक काम मुलांना समजावण्याचे. ससा पळून गेला असे खोटे सांगू नये. ससा गेला हे खरे आहे, त्याचे रडू येणे योग्य आहे, आणि कुत्र्याचा राग येणेही स्वाभाविक आहे, हे त्यांना कळू द्यावे. काशीजवळच्या सारनाथशी जोडलेल्या जातककथेत हरणांचा राजा गर्भिणी हरिणीऐवजी आपला प्राण देऊ करतो, आणि ते पाहून काशीचा राजा शिकार सोडतो. शिकार सोडण्याचा निश्चय राजा करू शकला, कारण तो माणूस होता. कुत्र्याकडून तशा निश्चयाची अपेक्षा धरता येत नाही; तो त्याच्या वतीने घरच्यांनीच करावा लागतो, आणि रोज दाराची कडी लावून पाळावा लागतो.