फायलीवरची सही

सेनगावहून येलदरीच्या रस्त्याला लागलं की माळ सुरू होतो. हरभऱ्याच्या कडेला कधी काळविटांचा कळप दिसतो. पीक खातात म्हणून शेतकरी वैतागलेला असतो आणि त्या वैतागाच्या आडोशानं शिकारी साधून घेतो. काळवीट अनुसूची १ मधलं. मारलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि तिथं सगळी मदार पंचनाम्यावर असते. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५० (८) प्रमाणे सहायक वनसंरक्षकानं आरोपीच्या समक्ष नोंदवलेला जबाब मात्र चालतो. तो दोन दिवस उशिरा किंवा आरोपीच्या पाठीमागे लिहिला, की बचावाचं काम निम्मं झालं. त्यात हा खटला वन अधिकाऱ्याच्या तक्रारीवरचा. साक्षीदारानं आरोप ठेवण्याआधी एकदा यायचं, नंतर उलटतपासणीला पुन्हा. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात गावातले पंच फितूर होतात. वनखात्याच्या बाजूनं उभं राहणाऱ्या वकिलाची खरी लढाई ही आहे, आणि ती लढणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण २००६ पासून मला धरून ठेवलंय ते एका वेगळ्याच निकालपत्रानं.

गोदावर्मन प्रकरण वाचकांना ठाऊक असेल. नीलगिरीतल्या गुडलूरची जंगलतोड थांबवा, म्हणून १९९५ मध्ये केलेली याचिका. तिच्यावरच १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं ‘जंगल’ या शब्दाचा अर्थ देशभरासाठी रुंद केला. पुढं मूळ याचिकाकर्ता मागे पडला आणि न्यायालयानं नेमलेला न्यायमित्र पुढं आला. हे हरीश साळवे, एन. के. पी. साळव्यांचे चिरंजीव, नागपूरचे.

४ मार्च १९९७ चा आदेश थेट आपल्या राज्याचं नाव घेतो. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या, व्हिनिअर आणि प्लायवूडचे कारखाने ताबडतोब बंद करा. अटी सैल करू नका, नवे परवाने देऊ नका. यात दुसरा अर्थ काढायला जागाच नाही. तरीही पुढं राज्याच्या वनखात्यानं अशा काही कारखान्यांना परवानगी दिली. प्रधान सचिव अशोक खोत आणि तेव्हाचे वनमंत्री स्वरूपसिंह नाईक यांच्यावर अवमानाचं प्रकरण उभं राहिलं. निकालपत्राच्या शीर्षकातच लिहिलंय : गोदावर्मन, न्यायमित्रामार्फत, विरुद्ध अशोक खोत. ते ‘न्यायमित्रामार्फत’ मी किती वेळा वाचलं असेल! अशिलाची फी नाही, वकीलपत्र नाही, आणि तरी वादी जंगल.

खरा वाद रंगला तो माफीवर. दोघांनीही बिनशर्त माफी मागितली. न्यायालयानं ती नाकारली, कारण मनातून आलेली माफी वेगळी आणि शिक्षा दारात दिसल्यावर पुढं केलेली वेगळी. मला हे शंभर टक्के पटतं. आदेश न कळून चूक झाली असती तर गोष्ट निराळी. इथं आदेश माहीत होता.

१० मे २००६ ला दोघांना एकेक महिन्याची साधी कैद झाली. नाईक तोवर परिवहनमंत्री झाले होते; त्यांना राजीनामा द्यावा लागला. जंगलापायी मंत्री आणि त्याच्याच खात्याचा सर्वोच्च सचिव एकाच निकालात तुरुंगात, हे महाराष्ट्रानं पाहिलं. तेव्हा मला झालेला आनंद मी लपवत नाही.

पण सेनगावच्या माळावरून पाहिलं की आकडे टोचतात. फासकी लावून एक काळवीट मारणाऱ्याला किमान तीन वर्षं. जंगलाचं लाकूड गिळणारे कारखाने पुन्हा चालू करणाऱ्या सह्यांना एक महिना. कारण तो गुन्हा कायद्यात न्यायालयाच्या अवमानाचा होता, जंगलाविरुद्धचा नव्हे. अवमानाच्या कायद्यातली शिक्षाच मुळात सहा महिन्यांवर जात नाही. त्यामुळे न्यायमित्रानं कितीही नेटानं बाजू मांडली, तरी त्या सह्यांना माळावरच्या शिकाऱ्याइतकी शिक्षा मिळणं शक्यच नव्हतं.