सहलीला काम हवे

दिवाळीची सुटी संपली की महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमधून सहलीची चिठ्ठी घरी येऊ लागते. तारीख, वर्गणी, डबा सोबत आणावा, खाली पालकांची सही. इतर राज्यांतही साधारण असेच असते. हाऊसमधल्या केरळ, बिहार आणि राजस्थानच्या मित्रांना विचारून मी खात्री करून घेतली. या चिठ्ठीत एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा लिहिलेली नसते. तिथे जाऊन मुले करणार काय?

माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चौथीत शिकते. तिची चिठ्ठी यंदा आली, पण बाबांनी त्यावर सही केली नव्हती. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी सहलीतून लहान मुले शिकतात म्हणजे नेमके काय होते, ते पाहू.

तिसरी-चौथीत 'परिसर अभ्यास' नावाचा विषय असतो. त्यात घर, गाव, पाणी, वाहतूक, दिशा, नकाशा असे सगळे येते. हा विषय बाकावर बसून वाचला तर फार कंटाळवाणा आहे, कारण जे खिडकीबाहेर दिसते तेच पुस्तकात छापलेले असते. आमच्या बाईंनी त्यावर साधा उपाय केला होता. त्या आम्हाला बाहेर नेत, पण प्रत्येकाच्या हाती काहीतरी काम देऊन.

तिसरीतली आमची पहिली सहल शाळेपासून पाच मिनिटांवर असलेल्या टपाल कार्यालयात गेली. प्रत्येकाने ५० पैशांचे एक पोस्टकार्ड घेतले आणि स्वतःलाच पत्र लिहिले. कार्ड पेटीत टाकायचे आणि ते घरी किती दिवसांनी येते ते वहीत लिहायचे, एवढेच काम. माझे कार्ड चौथ्या दिवशी आले. गावातच टाकलेले कार्ड गावातच यायला चार दिवस का लागावेत, यावर वर्गात मोठा वाद झाला. पोस्टमनकाका सायकल हळू चालवतात असे एकाने सांगितले. शेवटी काकांनाच वर्गात बोलावले. ते म्हणाले, पेटीतली सगळी पत्रे आधी पिशवीतून मोठ्या कार्यालयात जातात, तिथे छाननी होते आणि मग आपल्या गावची पत्रे परत येतात. छाननी करणाऱ्याला आमचे गाव कुठे आहे हे कसे कळते? पिनकोडवरून.

पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो रचणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे मोठे पंडित होते. सहा अंकांतला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणारे कार्यालय दाखवतात. साताऱ्याचा कोड ४१५ ने सुरू होतो, हिमाचलातला आपला १७ ने. आणि ९ हा पहिला अंक कोणत्याच राज्याचा नाही, तो सैन्याच्या टपालाचा आहे. हे मला तिसरीत कळले. आपल्याकडे सहावीत नव्याने आलेले कॅडेट रविवारच्या पत्रावर पिनकोड लिहायला विसरतात तेव्हा मला ते कार्ड आठवते.

आता यात हाताने केलेले काय होते? कार्ड लिहिणे, पेटीत टाकणे, दिवस मोजणे. फार काही नाही. पण त्या चार दिवसांमुळे एक प्रश्न तयार झाला आणि तो आमचा स्वतःचा होता. बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर पिनकोडची रचना लिहिली असती तर आम्ही ती उतरवून घेतली असती आणि विसरलो असतो. माझ्या मते हातांनी केलेल्या कामाचा मुख्य उपयोग हाच. उत्तर मिळण्याआधी मुलाला प्रश्न पडलेला असतो.

दुसरे काम पावलांचे होते. शाळेच्या फाटकापासून टपाल कार्यालयापर्यंतची वाट कागदावर काढायची होती. सगळ्यांनी पावले मोजली आणि सगळ्यांचे आकडे वेगळे आले. कोणाची २२०, कोणाची २६०. मग बाईंनी १० मीटर लांबीची दोरी अंगणात ताणली आणि प्रत्येकाला तिच्या कडेने चालायला लावले. माझी १८ पावले भरली. म्हणजे एक पाऊल साधारण ५५ सेंटीमीटरचे आणि माझी २२० पावले म्हणजे सुमारे १२० मीटर. ज्याची २६० पावले झाली होती तो वर्गात सर्वांत बुटका होता. त्याच्या पावलाची लांबी काढून गुणाकार केला तर त्याचेही उत्तर १२० च्या आसपासच आले. आकडे वेगळे, अंतर एकच. मोजमापाला सर्वांचे मिळून एक माप का लागते, हे याहून सोप्या रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही.

सैनिकी शाळेत आल्यावर कळले की हे काम पोरखेळ नव्हते. नकाशावाचनाच्या तासाला उस्ताद पहिल्यांदा हेच करून घेतात. तेज चालीतले पाऊल ३० इंचांचे असते, पण डोंगरात चढावर ते आखूड होते, म्हणून प्रत्येकाने आपले पाऊल स्वतः मोजून ठेवायचे असते. आणि याच पावलांच्या जोरावर एका माणसाने तिबेटची वाट मोजली होती. कुमाऊँमधल्या मिलम गावचे नैनसिंह रावत. ते पेशाने शाळामास्तर होते. देहरादूनला सर्वेक्षण खात्याने त्यांना चढ असो वा उतार, सारख्याच लांबीचे पाऊल टाकायला शिकवले. सुमारे २००० पावलांचा एक मैल. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले होते आणि दर शंभर पावलांना ते एक मणी ओढत. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले असत. १८६५ साली निघून १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. पाणी किती तापमानाला उकळते ते पाहून त्यांनी त्या शहराची उंचीही काढली. तिसरीच्या मुलांना पावले मोजायला लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही गोष्ट जरूर सांगावी.

अशा कामांना पैसा लागतो किंवा लांब जावे लागते, असे काही जणांना वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले तेव्हा महागडी शैक्षणिक साधने आणण्याऐवजी बिया, शिंपले, खडे अशा आजूबाजूच्या वस्तू वापरल्या. जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. माझा केरळचा मित्र सांगतो की त्याच्या शाळेने मुलांना शेजारच्या गल्लीत काथ्याची दोरी वळणाऱ्या बायकांकडे नेऊन कामाला बसवले होते. दोन पेड एका दिशेने पिळायचे आणि मग एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळायचे. पेड सुटायला बघतात तेव्हा दोरी आणखी घट्ट होते. ऑब्स्टॅकलच्या दोरीवर चढताना तो अजूनही आधी पीळ बघतो, आम्ही त्याला हसतो.

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी आणि बहिणीने एकच प्रयोग दोन ठिकाणी केला. एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीत सरळ उभी करायची आणि बारा वाजण्याच्या थोडे आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सर्वांत आखूड सावली मोजायची. तिची ८० सेंटीमीटर भरली, माझी १२८. सूर्य तोच, दिवस तोच. मी तिच्याहून बराच उत्तरेला आहे, म्हणून हिवाळ्यात मला सूर्य जास्त खाली दिसतो आणि सावली लांबते. तिची सावली सर्वांत आखूड झाली तीही माझ्यानंतर साधारण पाव तासाने, कारण सातारा आपल्या शाळेच्या पश्चिमेला आहे. नेमकी वेळ पकडणे अवघड गेले, कारण मध्यान्हाच्या सुमारास सावली काही मिनिटे हलतच नाही असे वाटते. दोघांच्याही घड्याळात तेव्हा बारा वाजून गेले होते. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीस एका दिवशी दुपारी काठीची सावली पूर्ण नाहीशी होते. आपण कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहोत, त्यामुळे इथे ती कधीच नाहीशी होत नाही. अगदी २१ जूनलाही १३-१४ सेंटीमीटर उरतेच. हे तिला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "मग दादा, तुमच्याकडची सावली बिचारी कधी सुटीवर जात नाही." अक्षांश हा शब्द तिला अजून माहीत नाही, पण तो ज्यासाठी लागतो ते तिला कळले आहे.

आता बाबांच्या सहीबद्दल. बहिणीची सहल प्रतापगडला जाणार होती. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, त्यामुळे ते योग्यच आहे. पण चिठ्ठीत खाली 'परतीच्या वाटेवर तलावात नौकाविहार' असे लिहिले होते, आणि तिथे बाबांचे पेन थांबले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलेले नव्हते. बाबांचे म्हणणे होते, मुलगी घरीच राहील. आईचे म्हणणे होते, सगळा वर्ग जाईल आणि ही एकटी मागे राहील. रविवारी फोन आला तेव्हा दोघांनीही मला विचारले.

मी सांगितले की सहलीला नाही म्हणू नका, बाईंना प्रश्न विचारा. पाण्यात उतरण्याचा तिथल्या अभ्यासाशी काही संबंध आहे का? नसेल तर तो भाग वगळता येईल का? आणि मुले कशी मोजणार? शेवटचा प्रश्न आम्हा कॅडेटांना फार साधा वाटतो, पण नुसती डोकी मोजण्यात एक त्रुटी आहे. चाळीसऐवजी एकोणचाळीस भरली तर कोणीतरी नाही एवढेच कळते, कोण नाही ते कळत नाही. आपल्याकडे 'गिनती कर' म्हटल्यावर प्रत्येक जण आपला ठरलेला क्रमांक ओरडतो. सतरा नंतर शांतता पसरली तर अठरा क्रमांकाचा मुलगा हरवला हे त्याच क्षणी समजते. शिवाय प्रत्येकाची एक जोडी ठरलेली असावी आणि बस हलण्याआधी प्रत्येक वेळी गिनती व्हावी. आठ वर्षांची मुलेही हे दोन दिवसांत शिकतात, आणि त्यांना ते आवडते.

बाबांनी शाळेत जाऊन विचारले. बाईंनाही तलावाची काळजी होतीच, पण मुलांना मजा हवी म्हणून तो भाग ठेवला होता. आता तो वगळला आहे. त्या जागी गडावर जास्त वेळ मिळणार आहे आणि तिथे करण्यासारखे खूप आहे. १६५६ मध्ये हा गड मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधून झाला. त्याचा दरवाजा बुरुजाच्या आड आहे. मुलांना वाटेवरून वर चालायला सांगायचे आणि ज्याला दरवाजा पहिल्यांदा दिसेल त्याने हात वर करून थांबायचे. तिथून दरवाजापर्यंत पावले मोजायची. आकडा लहान येतो. मग विचारायचे, शत्रूला दरवाजा एवढ्या उशिरा दिसला तर काय होईल? हत्तीला धाव घ्यायला जागा कुठे आहे? वर बुरुजावर आपले लोक असतील तर त्यांना काय दिसेल? हे सगळे माहिती सांगणारा माणूस दोन मिनिटांत सांगून टाकतो, आणि तेव्हा अर्धी मुले चिप्सचे पाकीट फोडत असतात.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. चांगलेच आहे, पण माझ्या मते हे दिवस तिसरी-चौथीलाही हवेत. या वयात मूल प्रश्न विचारायला लाजत नाही. सहावीत आल्यावर ते लाजू लागते, हे दरवर्षी आपल्या नव्या बॅचकडे पाहून मला जाणवते.

सहलीनंतरचा दिवसही महत्त्वाचा. बऱ्याच शाळांत दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' हा निबंध लिहून घेतात आणि बहुतेक निबंधांत बसमध्ये गाणी म्हटली, डबा खाल्ला, संध्याकाळी परत आलो एवढेच असते. मुलांचा त्यात दोष नाही, त्यांनी तेवढेच केलेले असते. बहिणीच्या बाईंनी निबंधाऐवजी भिंतीवर मोठा कागद लावायचे ठरवले आहे. प्रत्येक गटाने आपल्या तुकड्याची पावले मीटरमध्ये बदलून त्यावर काढायची आणि सगळे तुकडे जोडून गडाची वाट पूर्ण करायची. तुकडे जुळले नाहीत तर कोणाचे माप चुकले ते गटांनी आपसात शोधायचे.

सहल पुढच्या शनिवारी आहे. बहिणीने अंगणात दोरी ताणून आपले पाऊल मोजून ठेवले आहे. तिची १० मीटरला १९ पावले भरतात, आणि चढावर किती भरतील ते पाहायला ती रोज संध्याकाळी आजोबांना घेऊन टेकडीवर जाते.