वर चार, खाली चार!

मुंबईहून हावड्याला जाणारी मेल अलाहाबादमार्गे निघाली की वाटेत जबलपूर लागतं. मुंबई आणि कलकत्ता या दोन महानगरांना जोडणारा पहिला लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला, तो इथंच. एका बाजूनं आलेले रूळ आणि दुसऱ्या बाजूनं आलेले रूळ जबलपूरला एकमेकांना मिळाले. त्या दोन्ही टोकांना फुटबॉलची मोठी परंपरा आहे. तिकडे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, इकडे कूपरेजचं मैदान. मधल्या जबलपूरच्या वाट्याला मात्र राष्ट्रीय लीगच्या वरच्या गटात खेळणारा संघ कधी आला नाही. हे गाव हॉकीचं. १९३२ आणि १९३६ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या रूपसिंगांचा, म्हणजे मेजर ध्यानचंद यांच्या धाकट्या भावाचा, जन्म जबलपूरचा.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून जबलपूरचा मराठी माणसांशी संबंध आहे. १९५६ पर्यंत तर विदर्भ आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. तेव्हा या गावातल्या एका मराठी गृहस्थांची आपण कल्पना करू. सारी नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत झालेली, मुलगा मुंबईला नोकरीत. मुलाकडे राहायला गेले असताना त्यानं एकदा कूपरेजवर सामना दाखवायला नेलं आणि त्या दिवसापासून या गृहस्थांना मुंबई एफसीचं वेड लागलं. जबलपूरला परतल्यावर दर सोमवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर वर्तमानपत्राचं क्रीडा पान उघडायचं आणि गुणतक्त्यात आपला संघ शोधायचा, हा त्यांचा नेम झाला.

इतर लोक तक्ता वरून वाचतात. हे गृहस्थ तो मधूनच वाचायला सुरुवात करत. कारण त्यांचा संघ तिथंच सापडायचा.

''अहो, यंदा तरी तुमची मुंबई वर आली का?'' असं घरातून विचारणं झालं की उत्तर ठरलेलं, ''वर नाही आली, पण खालीही नाही गेली!''

यावर घरात हशा पिकायचा. पण या उत्तरात केवढा अर्थ भरला होता, ते कळायला २०१७ साल उजाडावं लागलं.

मध्यावरचं गणित

राष्ट्रीय पातळीवरची फुटबॉल लीग आपल्याकडे १९९६ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये तिचं रूपांतर आय-लीगमध्ये झालं. त्याच वर्षी मुंबई एफसी हा क्लब जन्माला आला. दुसऱ्या गटातून वर चढून २००८-०९ च्या हंगामापासून तो पहिल्या गटात खेळू लागला. डेव्हिड बूथ हे इंग्लिश प्रशिक्षक त्याला लाभले होते.

लीगचा हिशेब साधा असतो. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. एकदा घरच्या मैदानावर, एकदा त्यांच्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. हंगामाच्या शेवटी जो सर्वांत वर तो विजेता आणि जो सर्वांत खाली त्याच्यावर दुसऱ्या गटात उतरण्याची पाळी.

या साध्या हिशेबात एक गंमत दडलेली आहे. समजा, हंगामात १६ सामने आहेत. एखाद्या संघानं सगळेच्या सगळे बरोबरीत सोडवले, एकदाही हरला नाही, तर त्याचे गुण होतात १६. दुसऱ्या संघानं दहा सामने गमावले, पण पाच जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला, तर त्याचेही गुण १६ च! न हरणारा आणि दहादा हरणारा असे दोघे तक्त्यात शेजारी येऊन बसतात. म्हणून मधल्या संघांच्या बाबतीत एकेका गोलाला फार मोल असतं. शेवटच्या पाच मिनिटांत खाल्लेला एक गोल विजयाची बरोबरी करतो आणि दोन गुण घेऊन जातो. असं हंगामात तीन-चार वेळा झालं की मध्यावरचा संघ तळाशी दिसायला लागतो.

वरच्या संघांना एखादा वाईट दिवस परवडतो. मधल्यांना परवडत नाही. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. पैसा उरत नाही, पण कुणापुढे हातही पसरावा लागत नाही. त्यामागची ओढाताण बाहेरच्याला कधी दिसत नाही.

सात वर्षांचा खटाटोप

ही ओढाताण मुंबई एफसीत ज्यानं सात वर्षं केली, त्याचं नाव खालिद जमील. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी अशा मुंबईच्याच संघांतून तो खेळला. दुखापतींनी खेळणं थांबवलं, तेव्हा २००९ मध्ये मुंबई एफसीनं त्याच्याच हाती संघाची सूत्रं दिली. वय अवघं बत्तीस. काल ज्यांच्या बरोबरीनं खेळत होता, त्यांना आज शिकवायचं!

हाताशी महागडे खेळाडू नव्हते. कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात तर घरचे सामने थेट पुण्याला, बालेवाडीच्या मैदानात खेळावे लागले. घरचा सामना आणि घर दीडशे किलोमीटरवर! अशा परिस्थितीत खालिदनं एकच सूत्र धरलं. आधी बचाव भक्कम करायचा, सहजासहजी गोल खायचा नाही आणि मिळेल त्या संधीवर एक गोल करून सामना काढायचा. या खेळाला कुणी सुंदर म्हटलं नाही. पण वर्षामागून वर्षं गेली तरी मुंबई एफसी पहिल्या गटात टिकून राहिली.

टिकून राहणं ही साधी गोष्ट नव्हती, हे आजूबाजूला पाहिलं की पटतं. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये पहिल्या गटातून बाहेर पडला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा बलाढ्य डेम्पो २०१५ मध्ये खालच्या गटात घसरला. पुण्याचा भारत एफसी तर एकाच हंगामानंतर दिसेनासा झाला. मोठमोठी झाडं कोसळत असताना हे मध्यम उंचीचं झाड मात्र उभं होतं.

२०१५-१६ च्या हंगामात पहिल्या गटात नऊ संघ होते. मुंबई एफसीचा क्रमांक लागला पाचवा. म्हणजे वर चार संघ, खाली चार संघ आणि आपण बरोबर मध्यभागी! आपल्या जबलपूरकर गृहस्थांनी त्या दिवशी तक्त्याचं कात्रण कापून ठेवलं असेल, तर त्यात नवल नाही. 

एका वर्षात उलटापालट

क्लबला मात्र पाचव्या क्रमांकात समाधान नव्हतं. २०१६ मध्ये क्लब आणि खालिद जमील यांचे रस्ते वेगळे झाले. यात क्लबला दोष देणंही कठीण. वर जायची इच्छा कुणाला नसते? सात वर्षं एकाच जागी घुटमळणाऱ्या संघाला नवं काही हवं वाटलं, तर ते माणसाच्या स्वभावाला धरूनच होतं.

खालिद निघाला तो थेट मिझोरमला. तिथला ऐझॉल एफसी त्या वर्षी आठवा आला होता आणि पहिल्या गटातून बाहेरही पडला होता. परंतु गोव्याच्या क्लबांनी लीगच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ माघार घेतली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. अशा या संघाकडून कोण काय अपेक्षा ठेवणार?

पण पुढं घडलं ते एखाद्या गोष्टीत शोभावं असं. ३० एप्रिल २०१७ या दिवशी शिलाँगला लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून ऐझॉल एफसी आय-लीगचा विजेता ठरला! त्याचे गुण ३७, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातल्या संघानं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्या विजेत्या संघात आशुतोष मेहता आणि जयेश राणे ही मुंबईच्या मैदानांवर खेळलेली मंडळीही होती.

आणि त्याच तक्त्याच्या तळाशी, दहा संघांत दहावी होती मुंबई एफसी. नऊ वर्षं वरच्या गटात तग धरलेला संघ एका हंगामात खाली गेला. त्यानंतर क्लबचा मुख्य संघच बंद झाला.

ज्या सूत्राला मुंबईत 'मधलं' म्हणून हिणवलं गेलं, तेच सूत्र ऐझॉलला विजेतेपदापर्यंत घेऊन गेलं. भक्कम बचाव, शिस्त आणि एका गोलावर सामना काढण्याची सवय. खालिदनं मुंबईत सात वर्षं जे घोटलं होतं, त्याचं चीज दुसऱ्याच्या अंगणात झालं.

परदेशातही असं घडलं आहे. इंग्लंडमधला लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये वीस संघांत चौदावा होता आणि पुढच्याच हंगामात विजेता ठरला. साऱ्या जगानं डोळे विस्फारले. पण तोच लेस्टर २०२३ मध्ये खालच्या गटात गेला, २०२४ मध्ये वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली उतरला. तिथला चाहता निदान संघाबरोबर खाली-वर करू शकतो. क्लब खाली गेला तरी मैदान तिथंच असतं, शनिवारचा सामना असतो, परत वर येण्याची आशा असते. मुंबई एफसीच्या चाहत्याला तेही मिळालं नाही.

संघ गेल्यावर चाहत्यानं काय करायचं?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. संघ हरला तर चाहता चिडतो, दोन दिवस अबोला धरतो आणि तिसऱ्या दिवशी परत येतो. संघच नाहीसा झाला तर त्यानं रागवायचं कुणावर? मुंबईत २०१४ पासून इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी एफसी आहे. २०२०-२१ मध्ये त्यानं लीगमधलं अव्वल स्थान आणि करंडक दोन्ही पटकावले. कौतुकाची गोष्ट आहे, पुष्कळ चाहते तिकडे वळलेही. पण शेजारच्या मुलाला पहिला नंबर मिळाला म्हणून आपल्या मुलाची आठवण काही पुसली जात नाही.

आपल्या जबलपूरकरांसारख्या दूरच्या चाहत्याचं तर आणखीच अवघड. त्यानं मैदानावरचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेले. त्याचा संघ मुख्यतः कागदावरच्या एका ओळीत राहत होता. सोमवारी सकाळी ती ओळच गेली. मग लक्षात येतं की आपण विजेतेपदाची वाट पाहत नव्हतोच. ती ओळ तिथं दिसावी, मुलाला फोन लावायला निमित्त मिळावं, एवढंच आपल्याला हवं होतं. निकाल काय लागला याची चौकशी करता करता तब्येतीची, जेवणाखाणाची चौकशी होऊन जायची. हजारेक किलोमीटर दूर असलेल्या बाप-लेकांना मध्यम दर्जाच्या एका संघानं बांधून ठेवलं होतं.

खालिद जमीलची वाटचाल पुढं चालू राहिली. ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडला २०२०-२१ मध्ये त्यानं सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. पुढं जमशेदपूर एफसीलाही तिथवर पोचवलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याची निवड झाली. पुढच्याच महिन्यात, ताजिकिस्तानात झालेल्या मध्य आशियाई स्पर्धेत भारतानं ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करावी लागली आणि आशिया चषकाची आशा मावळली. चढ आणि उतार, दोन्ही अडीच महिन्यांत!

त्याची निवड झाल्याची बातमी आली, तेव्हा जुन्या मुंबई एफसीच्या किती चाहत्यांनी कुणाकुणाला फोन लावला असेल! जबलपूरहूनही एक फोन मुंबईला गेला असेल. ''अरे, आपला खालिद!'' एवढंच वाक्य. 'आपला' या शब्दात नऊ हंगाम आले.

प्रगतिपुस्तकावर विसावा नंबर पाहून मुलाला रागवण्याआधी, दहा वर्षं एकाच हुद्द्यावर राहिलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला टोमणा मारण्याआधी, तक्त्यातली ती पाचवी ओळ आठवून पाहावी. वर जायची धडपड जरूर करावी. पण आज जे हातात आहे, ते कुणीतरी रोज खपून टिकवलेलं असतं, हे विसरू नये. मुंबई एफसीचा तो पाचवा क्रमांक एका वर्षापुरता फार सामान्य वाटला होता. पुढच्या वर्षी तो कुणालाच परत मिळवता आला नाही.