मुकी संख्या

वाण्याच्या दुकानात जाऊन कोणी नुसते ‘साखर पाच द्या’ असे म्हणाला, तर वाणी विचारील, ‘पाच काय? किलो की ग्रॅम?’ संगणक मात्र असे विचारीत नाही. दिलेली संख्या तो निमूटपणे स्वीकारतो.

मोबाइल फोनमध्ये त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, मोजणारा एक इवलासा संवेदक असतो. फोन मेजावर स्थिर असला, तरी मेज त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तोलून धरते. म्हणून संवेदक शून्य दाखवीत नाही. ‘मीटर प्रति वर्ग सेकंद’ या एककात तो सुमारे ९.८ दाखवितो, तर ‘जी’ या एककात १. दोन्ही उत्तरे बरोबरच! परंतु एकाचा आकडा दुसऱ्याचा समजला, तर हिशेब जवळजवळ दहापट चुकतो. म्हणून संवेदक पारखून जुळविताना प्रथम एकक निश्चित करावे लागते.

अशा गफलतीची जबर किंमत अमेरिकेच्या नासा या संस्थेस मोजावी लागली. डिसेंबर १९९८ मध्ये तिने ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाकडे धाडले. यानाला वाटेत दिलेल्या रेट्यांची मापे पृथ्वीवरील एका संगणकाच्या आज्ञावलीने ‘पौंड-सेकंद’ या एककात काढली. पुढील गणितात ती ‘न्यूटन-सेकंद’ धरली गेली. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक! मार्गाचा अंदाज चुकला. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरले आणि कायमचे नाहीसे झाले.

एककावाचून संख्या मुकी असते. तिच्याशेजारी एकक लिहिले, की तिला वाचा फुटते.