जोशी, रघुनाथ कृष्ण
(१९३६–२००८). भारतीय अक्षरांकनकार, मुद्राक्षरांचे आकृतिकार, जाहिरातकलावंत, अध्यापक व मराठी कवी. ‘र. कृ. जोशी’ या नावाने प्रसिद्ध. एकच आशय अनेक भाषांच्या वाचकांपुढे मांडताना प्रत्येक लिपीला तिच्या घडणीप्रमाणे स्थान मिळावे, हे त्यांच्या कार्याचे मध्यवर्ती सूत्र होय.

मुंबईच्या सर ज. जी. कलासंस्थेत उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन ते जाहिरातव्यवसायात शिरले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘उल्का’ या मुंबईतील जाहिरातसंस्थेत त्यांनी दीर्घ काळ कलादिग्दर्शक म्हणून काम केले. त्या काळी देशव्यापी जाहिरातीचा मजकूर बहुधा प्रथम इंग्रजीत तयार होई व त्याचे मागाहून भाषांतर केले जाई. मांडणीही रोमन अक्षरांच्या मापाने आखलेली असे आणि तिच्या चौकटीत भारतीय लिप्या बसवाव्या लागत. यातून केवळ सौंदर्याचा प्रश्न उद्‌भवत नसे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार व रफार, तर खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे भाग येतात. म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर लागते. गुजरातीला शिरोरेषा नाही. तमिळमध्ये जोडाक्षरे जवळजवळ नसून स्वररहित व्यंजन डोक्यावरील टिंबाने दाखवितात. मलयाळम् लिपीत वर्तुळाकार वळणांचे प्राबल्य आहे. ही वैशिष्ट्ये दुर्लक्षिली गेल्यास शब्द वाचता येतो. परंतु मूळ मजकूर आपल्यासाठी लिहिलेला नव्हता, हेही वाचकाला जाणवते.

जोशी यांनी या प्रश्नाकडे अक्षराच्या अंगाने पाहिले. कवी व अक्षरांकनकार या त्यांच्या दोन भूमिका परस्परपूरक होत्या. अक्षराचा आकार, त्याची जाडी व पानावरील जागा हे कवितेच्या अर्थाचेच घटक मानून त्यांनी दृश्यकविता रचल्या. सर्व भारतीय भाषांना चालेल अशी ‘देशनागरी’ नावाची सामाईक लिपीही त्यांनी योजिली. ती प्रत्यक्ष व्यवहारात रूढ झाली नाही. लिपी हे भाषकांच्या अस्मितेचे चिन्ह असल्याने सामाईक आकारांपेक्षा आपापल्या लिपीची उत्तम साधने लोकांना अधिक जवळची वाटतात, असे या प्रयोगाच्या संदर्भात म्हणता येईल. जोशी यांच्या उत्तरायुष्यातील कार्याची दिशाही हीच होती.

पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या औद्योगिक आकृतिबंध केंद्रात (स्थापना १९६९) त्यांनी दृक्‌संप्रेषण या विषयाचे अध्यापन केले. त्यानंतर ते जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी संलग्न झाले. हे केंद्र पुढे ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाले.

संगणकावर भारतीय भाषांचा वापर सुरू झाला, तेव्हा निरनिराळ्या फाँटांच्या संकेतप्रणाली भिन्न होत्या. एका यंत्रावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. युनिकोड या संकेतप्रणालीत प्रत्येक वर्णाला निश्चित क्रमांक असतो. मात्र त्याचा दृश्य आकार फाँटने पुरवावयाचा असतो. उदा., ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व साठवणुकीत व्यंजनानंतर, परंतु लेखनात त्याच्या आधी येते. अशी स्थानांतरे व असंख्य जोडाक्षरे यांसाठी लिपीची जाण व तंत्रज्ञान या दोहोंची सांगड आवश्यक होती. जोशी यांच्या मुद्राक्षर-दिग्दर्शनाखाली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीसाठी ‘मंगल’ (देवनागरी), ‘लता’ (तमिळ), ‘गौतमी’ (तेलुगू), ‘तुंगा’ (कन्नड), ‘श्रुती’ (गुजराती), ‘रावी’ (गुरुमुखी), ‘कार्तिका’ (मलयाळम्) व ‘वृंदा’ (बंगाली) हे फाँट तयार झाले. त्यांपैकी मंगल व लता हे विंडोज २००० या आवृत्तीत, तर इतर सहा नंतरच्या काळात उपलब्ध झाले. स्वतंत्र फाँट विकत न घेता आपल्या भाषेत लिहिण्याची सोय त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला लाभली.

या फाँटांना मर्यादाही होत्या. ते मुख्यतः तत्कालीन संगणकाच्या पडद्यासाठी घडविलेले होते. त्यांचा छपाईत सर्रास वापर झाल्याने पानाचे सौंदर्य काही वेळा उणावले. मंगलमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची हिंदीत रूढ असलेली वळणे आहेत, तर महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरविले. एकाच लिपीतील दोन भाषांच्या सवयीही भिन्न असू शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

जोशी यांचे २००८ मध्ये निधन झाले. जाहिरातीतील संदेश सर्वांपर्यंत पोहोचविण्याच्या व्यावसायिक गरजेपासून निघून, प्रत्येकाला स्वतःचा संदेश स्वतःच्या लिपीत लिहिता यावा, येथपर्यंत त्यांचे कार्य विस्तारले. त्यांचे नाव ठाऊक नसलेल्या लक्षावधी लोकांनी संगणकावर आपल्या भाषेतील पहिला शब्द त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेल्या अक्षरांत लिहिला.