मशेरीची तलफ आली की काय करायचं?

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या दारूवर आणि पोराच्या गुटख्यावर आपण बैठकीत तासभर बोलतो. मशेरीचं नाव निघालं की मात्र पदर तोंडाला लावून हसतो आणि विषय बदलतो. मशेरी आपल्याला व्यसन वाटतच नाही. ती दात घासायची वस्तू वाटते. दाढ दुखत होती म्हणून कुणाला आईनं दिली, कुणाला सासूनं. दाढेचं दुखणं कधीच संपलं, पण डबी राहिली आणि दिवसाला एकदाची चार वेळा झाली.

२०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. म्हणजे सहा जणींत एक, बारा जणींच्या गटात साधारण दोन. त्यातल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्या अगदी थोड्या. बाकी सगळी तंबाखू तोंडातली, म्हणजे मशेरी, तपकीर, नाहीतर पानातली.

"आम्ही तर भाजून घेतो, कच्ची थोडीच खातो" असं बऱ्याच जणी सांगतात. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी तंबाखूतलं निकोटीन जात नाही. उलट जळण्यातून तयार होणारे घातक पदार्थ त्यात आणखी मिसळतात. भाजताना घरभर जो ठसका उठतो, तो पाळण्यातल्या लेकराच्याही छातीत जातो. आणि तवा पुष्कळदा भाकरीचाच असतो.

आता तलफ म्हणजे काय ते पाहू. हिरडीवर मशेरी लावली की निकोटीन तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. मेंदूला त्यानं बरं वाटतं, तरतरी येते. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं, मग मेंदू पुन्हा मागतो. धारेची वेळ झाली की म्हैस हंबरते ना, तसंच. त्या वेळी आपण चिडतो, हात थरथरतो, कामात लक्ष लागत नाही. मशेरी लावली की हे सगळं थांबतं, म्हणून वाटतं मशेरीनं डोकं शांत झालं. खरं तर डोकं अशांत केलं होतं तेही मशेरीनंच.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात. डोकं धरतं, झोप मोडते, भूक वाढते, उगाच रडू येतं, पोरांवर हात उचलावासा वाटतो. दुसऱ्या आठवड्यापासून जोर उतरायला लागतो आणि महिन्याभरात बहुतेक त्रास संपतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं. नाहीतर तिसऱ्या दिवशी नवराच म्हणतो, "लाव बाई तुझी मशेरी, पण डोकं खाऊ नकोस." असं म्हणणारा नवरा वाईट नसतो. त्याला फक्त माहीत नसतं की हे आठ-पंधरा दिवसांचं दुखणं आहे.

दुसरी गोष्ट, तलफ दिवसभर एकसारखी राहत नाही. ती लाटेसारखी येते, चढते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते, मशेरी लावली तरी आणि नाही लावली तरी. म्हणून जन्मभराचा विचार करायचा नाही, दहा मिनिटं काढायची. तांब्याभर पाणी घोट घोट प्यायचं. दहा वेळा खोल श्वास घ्यायचा, सोडताना सावकाश सोडायचा. जागा बदलायची, ओट्यापाशी असाल तर अंगणात यायचं. हाताला काम द्यायचं, लसूण सोलायला घ्या, शेंगा फोडा, गोठ्यात शेण भरा. चूळ भरून कडुलिंबाची काडी चावली तर दाताला काहीतरी घासायची जी सवय असते तीही भागते.

सकाळचा प्रश्न मात्र वेगळा. तो कुणी बोलत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. "मशेरी लावल्याशिवाय मला परसाकडंला होत नाही" हे मशेरी न सुटण्याचं फार मोठं कारण आहे. यात थट्टेचं काही नाही. निकोटीन आतड्यांना हलवतं, आणि वर्षानुवर्षं सकाळी तोच धक्का मिळाला की आतडी त्याची वाट बघत बसतात. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं, कधी दोन दिवस होतच नाही. बाई घाबरते आणि डबी उघडते. त्याऐवजी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी प्यावं. झालं नाही तरी रोज ठरलेल्या वेळी जाऊन बसावं, घाई करू नये. जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि काकडी वाढवावी. इंदापूरकडं पेरूला तोटा नाही, रोज एक पेरू बियांसकट खावा. रात्री भिजवलेल्या मनुकाही चालतात. तरीही जमलं नाही तर डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घ्यावा. दोन-तीन आठवड्यांत आतडी आपलं काम स्वतः करायला लागतात. शेतात दिवसभर पाणी न पिणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून खुरपायला जाताना पाण्याची बाटली विसरू नका.

सकाळनंतरची अवघड वेळ म्हणजे चहा. कप खाली ठेवला की हात डबीकडं जातो. काही दिवस चहाची जागा बदला, बसून घेत असाल तर उभ्यानं घ्या, कप लगेच विसळून ठेवा. आणि शेतातली सुट्टी. खुरपणीत अकराच्या सुमाराला सगळ्या बांधावर बसतात आणि एकीची डबी सगळ्यांत फिरते. तिथं "नको" म्हणणं घरच्यापेक्षा जड जातं, कारण मशेरीबरोबर गप्पाही असतात. आधीच सांगून टाका, "मी सोडलीय, मला देऊ नका." पदराला बडीशेप, ओवा किंवा दोन लवंगा बांधून ठेवा आणि डबी आली की तेच तोंडात टाका. गप्पा सोडायची गरज नाही.

तोंडात टाकायच्या वस्तूंबद्दल मात्र सावध राहा. मशेरी सोडून तपकीर धरली किंवा सुपारीवर आलात तर काही सुटलं नाही. तपकीर म्हणजे तंबाखूच. सुपारीनं तोंड आखडतं आणि तिनंही कर्करोग होतो, तंबाखू नसली तरी. दात घासायच्या पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी सुट्या, बिननावाच्या पुडीतलं काळं मंजन घेऊ नका. आणि दाढ खरंच दुखत असेल तर ती दाखवा. मशेरीनं हिरडी बधिर होते, त्यामुळं कीड आत वाढत राहते आणि आपल्याला कळत नाही.

सोडायचा दिवस कोणता? आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्या दारावरून जाते. त्या दिवशी संकल्प करावा असं पुष्कळ जणींना वाटतं. संकल्प करा, पण माझं मत विचाराल तर सोडायला सुरुवात पालखी पुढं गेल्यावर करा. घरात पाहुणे, चुलीवर मोठी भांडी आणि झोपेचे हाल असताना पहिले तीन दिवस काढणं म्हणजे स्वतःची परीक्षा बघणं. थोडी उसंत असलेला आठवडा निवडा. हळूहळू कमी करावी की एकदम बंद करावी? विडी-सिगारेटवाल्यांच्या अभ्यासात एकदम सोडणाऱ्यांना थोडं जास्त यश आलेलं दिसतं. ज्यांना तेवढा धीर होत नाही त्यांनी आधी दुपारची आणि संध्याकाळची बंद करावी, सकाळची शेवटी. पण तारीख ठरवून ठेवावी आणि नवी मशेरी भाजू नये. डबी "पाहुण्यांसाठी" म्हणूनही घरात ठेवू नये. मध्येच एखाद्या लग्नात एकदा लावली गेली तर सगळं वाया गेलं असं समजू नका. चूळ भरा आणि पुढचा दिवस मोजायला घ्या.

घरात पोटुशी सून किंवा लेक मशेरी लावत असेल तर मात्र थांबायला वेळ नाही. मुंबईत बाराशेहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तोंडातली तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि दिवस भरायच्या आधी जन्माला यायचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. "मी लावली, मला काय झालं?" असं सासूनं म्हणायच्या आधी हे तिला दाखवावं. पोटुशीनं निकोटीनचं कुठलंही औषध मनानं घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

बाकीच्यांसाठी औषधाचा आधार आहे आणि तो घेण्यात कमीपणा नाही. निकोटीनचं च्युइंगम दोन-चार वेळा चावून, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं असतं. गोळीसारखं चावत राहिलं तर उचकी आणि मळमळ होते. दात हलत असतील तर कातडीवर लावायची पट्टी मिळते. यातलं काय आणि किती, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारून घ्या. फोनवर बोलायचं असेल तर तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत सेवा आहे, १८००-११-२३५६. मराठीत बोलता येतं. सोमवारी लागला नाही तर मंगळवारी करा.

गटात काय करता येईल? उमेदच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच, बैठकीत त्यासाठी दहा मिनिटं काढा. दोघी-तिघींनी मिळून एकाच दिवशी सोडली तर एकमेकींना बोलता येतं, आणि रात्री तलफ आली तर कुणाला फोन करायचा हेही ठरलेलं राहतं. मशेरीला दिवसाला दहा रुपये जात असतील तर वर्षाचे ३,६५० होतात. ते गटात वेगळे जमा करून वहीत वेगळे लिहा. सोडलेल्या बाईची मागून चौकशी करताना "लावली का?" असं विचारू नका, "कितवा दिवस?" असं विचारा.

सोडलेल्या असोत वा नसोत, सगळ्यांनी महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड बघावं. ओठ उलटून हिरडी, गालाची आतली बाजू, जिभेची कड आणि जिभेखालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तिखट न सोसणं, उभी धरलेली तीन बोटं तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवायचं. सुरुवातीला ते दुखत नाहीच. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते तेव्हा तंबाखूचा प्रश्न विचारते, तिथं "नाही" सांगू नका. मशेरी तंबाखूच आहे, तशीच तिला लिहायला सांगा.