दूरच्या पाहुण्यास दार उघडतांना



गेल्या पावसाळ्यांत आमच्या चौसाळ्यांतील एका वृद्ध स्नेह्यांस टेलिफोन आला. बोलणारा मोठा गोड. "काका, आपलें बँकेचें खातें बंद पडत आहे. एवढें ॲप घ्या आणि पडद्यावरचे आंकडे मला वाचून दाखवा." स्नेही वाचूं लागले. निम्मे आंकडे सांगून झाले तोंच नात शाळेंतून आली आणि तिनें फोन हातांतून काढून घेतला. ते आंकडे म्हणजे घराची किल्ली होती. ती कशी, हें नीट उमजावें म्हणून मी आपणांस थोडें मागें नेतों.

दुसऱ्याच्या यंत्रांत दुरून काम करणें ही विद्या मुळांत वाईट नव्हे. १९७८ च्या जानेवारींत शिकागो शहर बर्फाच्या वादळानें कोंडलें गेलें. त्या सक्तीच्या सुटींत वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांस कल्पना सुचली, रँडी स्यूस यांनीं यंत्र जुळविलें, आणि टेलिफोनच्या तारेवरचा पहिला सूचनाफलक त्या वर्षीं १६ फेब्रुवारीस सुरू झाला. आपल्याकडे बेळगांवीं वाढलेले अतुल चिटणीस यांनीं १९८९ सालीं बंगळुरास 'सीआयएक्स' हा फलक चालविला. सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. तोंपर्यंत हौशी मंडळींची भिस्त अशा फलकांवर असे. चौसाळ्यासारख्या गांवाहून तो गांठावयाचा म्हणजे बाहेरगांवच्या टेलिफोनाचा आकार पडे, हें वेगळें सांगावयास नको.

फलकावर केवळ निरोप नसत. चालकाच्या संगणकांतील खेळ, कोश, हिशेबाचे कार्यक्रमही दूरच्या माणसास चालवितां येत. यांना 'डोअर', म्हणजे दार, असेंच नांव होतें. त्याची रचना अशी. घंटा वाजली कीं मोडेम आपण होऊन टेलिफोन उचली. पाहुणा नांव व परवलीचा शब्द देई. त्यानें एखादें दार निवडलें कीं फलक एका लहानशा टिपणांत त्याचें नांव, तारेचा वेग आणि शिल्लक मिनिटें लिहून ठेवी, आणि तार न तोडतां स्वतः बाजूस सरे. दारापलीकडील कार्यक्रम तें टिपण वाचून पाहुण्याचा ताबा घेई आणि काम संपतांच त्यास फलकाकडे परत करी.

पण तारेची जाणीवच नसलेले साधे कार्यक्रम कसे चालवावयाचे? डॉसमध्यें एक आज्ञा होती. ती दिली कीं कळफलक व पडदा या दोहोंचें काम तारेकडे वळे. मात्र पुष्कळ कार्यक्रम डॉसला न विचारतां थेट पडद्यावर लिहीत. त्यांच्यापुढें ही आज्ञा लंगडी पडे. मग 'डोअरवे' नांवाचा मध्यस्थ बसवीत. तो पडद्यावर उमटलेलें टिपून तारेवर पाठवी. पडद्यावर अक्षरें दोन हजार; सेकंदास २४०० बिटांच्या मोडेमवरून सुमारें २४० अक्षरें जात; म्हणजे एक पान भरावयास आठ सेकंदांहून अधिक वेळ लागे!

आतां मुख्य मुद्दा. जाणता चालक दार उघडण्यापूर्वीं चार कड्या घाली. पहिली, अनोळख्यास प्रवेश नाहीं. दुसरी, मिनिटें मोजून. तिसरी, नेमलेल्या एकाच कार्यक्रमांत प्रवेश. तेथून बाहेर पडणारा फलकावरच यावा, डॉसच्या मोकळ्या अंगणांत नव्हे. ही कडी सैल राहिली तर पाहुण्यास सारें यंत्र पुसून टाकितां येई. चौथी कडी पहारेकऱ्याची. मध्येंच तार तुटली तर कार्यक्रम उत्तराची वाट पाहत ताटकळे आणि पुढचा पाहुणा फोन करून थके. म्हणून एक छोटा कार्यक्रम तारेवर नजर ठेवी, आणि तार तुटतांच संगणक नव्यानें सुरू करी.

आमच्या स्नेह्यांच्या हातांतील ॲप त्याच विद्येचें नवें रूप. दूरच्या मुलानें आईचा बिघडलेला संगणक दुरुस्त करावा, यासाठीं तें उत्तम आहे. परंतु त्या अनोळख्याच्या हेतूंत चारांपैकीं एकही कडी नव्हती. ओळख खोटी, वेळेस मर्यादा नाहीं, एका कार्यक्रमाऐवजीं सारा पडदा त्याच्यापुढें, आणि पहारेकरी म्हणावा तर तो स्वतःच किल्ली वाचून दाखवीत होता! पडदा दिसला म्हणजे बँकेचा एकवेळचा परवलीचा आंकडाही दिसतो. अशा ॲपांविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालींच सावध केलें होतें.

तेव्हां नियम एकच ठेवावा. मदतीसाठीं आपण ज्यास बोलाविलें त्यासच दार उघडावें. जो आपण होऊन दारीं आला त्यास नव्हे. चुकून उघडलेंच, तर प्रथम फोनचें इंटरनेट बंद करावें, दुसऱ्या फोनवरून, पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर, बँकेस कळवावें, आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथें लाज बाळगून घालविलेली घटका फार महाग पडते.

आमचे स्नेही चार दिवस कोणाशीं बोलले नाहींत. पांचव्या दिवशीं त्यांनीं नातीकडून सारें समजावून घेतलें, आणि आतां पारावर बसून तेंच इतरांस समजावितात. शिक्षण याहून निराळें काय असतें?